नवाबाचं पाणी

१

विमलबाईंनी अंगणातल्या दगडी डोणीवरचं ओलं पोतं बाजूला केलं आणि त्यांच्या हातातला झाडू खाली पडला. नवाब पोट वर करून तरंगत होता.

नवाब म्हणजे राजेश्वर गावातल्या गुरुबाई अक्कांचा सोनेरी मासा. तळहाताएवढा, झालरीच्या शेपटीचा आणि नावाप्रमाणेच तोऱ्याचा. कोणी काचेवर टिचकी मारली की हा पाठ फिरवायचा. अक्कांचे यजमान जगदेवप्पा यांनी तो हैदराबादच्या नुमाइशीतून, तिथल्या मोठ्या प्रदर्शनातून, आणला होता. यजमान गेले, नवाब राहिला. दुपारचं जेवण आटोपलं की अक्का काचपेटीसमोर बसून त्याला साऱ्या तक्रारी सांगायच्या. त्या घरात ऐकून घेणारा तेवढा एकच होता.

यंदा घरात नातीचं लग्न निघालं. भिंतींना चुना आणि दारांना रंग लागणार होता. चुन्याचे शिंतोडे पाण्यात पडले तर मासा हकनाक जायचा. लग्न पार पडेपर्यंत त्याला दुसरीकडे हलवायला हवं होतं, आणि हलवायचं कसं ते गावात एकट्या विमलबाईंनाच ठाऊक होतं. त्या शाळेत विज्ञान शिकवत.

बाळंतिणीला हलवावं तसं त्यांनी नवाबला हलवलं होतं. आदल्या दिवसापासून त्याचं खाणं बंद केलं, म्हणजे वाटेत पाणी घाण व्हायला नको. रुंद तोंडाचं मातीचं मडकं घेतलं. अर्ध्या मडक्यात काचपेटीतलंच पाणी, अर्धं हवेसाठी मोकळं. वरून ओलं फडकं, कारण अंधारात मासा बावरत नाही. बैलगाडीचे हिसके नकोत म्हणून मडकं पोटाशी धरून त्या गावातून चालत आल्या. अंगणातल्या दगडी डोणीत विहिरीचं पाणी आधीच मुरत ठेवलेलं होतं. त्यात शेवाळ होतं, चार गोगलगायी होत्या. मडकं डोणीत बसवून त्यांनी ओंजळी ओंजळीने नवं पाणी जुन्यात मिसळलं. अख्खी दुपार गेली, तेव्हा कुठे नवाबसाहेब आपल्या मर्जीने बाहेर आले.

अक्का रोज संध्याकाळी त्याला बघायला यायच्या. पहिल्या दिवशी विमलबाईंनी तांब्याभांडं पुढे केलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आत्ताच पान खाल्ले बाई, पानी नको." दुसऱ्या दिवशी त्यांचा उपास निघाला. विमलबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

आणि आज लग्न तोंडावर असताना नवाब मेला होता.

चुली पेटायच्या आत बातमी वाड्यावस्त्यांवर पोचली. अक्कांचा मुलगा तिप्पण्णा दोघातिघांना घेऊन दारात उभा राहिला. मागे डोक्यावरून पदर घेतलेल्या अक्का होत्या.

"मी अव्वाला म्हणलो व्हतो, तिथं नको ठिऊ म्हनून," तिप्पण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "ज्या विहिरीचं पानी माश्याला पचंना, तेच तुम्ही आमच्या लेकरायला पाजायलाव, बाई!"

हे माशापुरतं नव्हतं. वस्तीतली ती विहीर विमलबाईंच्या सासऱ्यांनी आणि भाऊबंदांनी खणली होती, छप्पन साली धम्म घेतल्यावर, गावच्या विहिरीवर कोणी उभं करेना म्हणून. पुढे मोठा दुष्काळ पडला. गावची विहीर कोरडी पडली, हिचं पाणी हाललं नाही. तेव्हापासून शाळेतला रांजण इथूनच भरायचा आणि सगळ्या घरांची पोरं एकाच ओगराळ्याने पाणी प्यायची. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं तेही लोकांनी मुकाट्याने घेतलं, पण तो रांजण अजून काही जणांच्या घशाखाली उतरत नव्हता. तिप्पण्णा शाळा समितीवर होता. त्याला आयतंच निमित्त सापडलं.

"सांजच्याला चावडीवर पंच बसतेत," तो म्हणाला. "रांजण तर हालंलच, आन् तुमची बदलीबी व्हईल."

विमलबाईंनी झाडू उचलून भिंतीला टेकवला. "सांजच्याला ना? मंग सांजपतूर माझ्या पाण्याला खुनी म्हणायचं न्हाई. या डोणीला कुणी हात लावायचा न्हाई. खुनी कोण ते मी चावडीवर दाखवते."

अक्कांनी एकदा डोणीत पाहिलं, ओठ आवळले आणि वळून निघून गेल्या. मुलाला त्यांनी एका शब्दाने गप्प केलं नाही. विमलबाईंना ते मेलेल्या माशापेक्षा जास्त लागलं.

२

"जाऊ दे की," भीमराज म्हणाला. विमलबाईंचा नवरा स्वभावाने गरीब होता, भांडण दिसलं की वाट बदलणारा. "मासाच तर हाय. नवा आणून देऊ."

"मासा गेला एवढंच असतं तर मी रडले असते आन् गप बसले असते. तेंच्या डोळ्यात विहीर हाय. तुमच्या अप्पांनी खणलेली. बसा इथं डोणीपाशी, कुणाला जवळ येऊ देऊ नका."

भीमराज बसला. विमलबाईंनी पदर खोचला आणि वर्गात पोरांना सांगत तेच स्वतःला सांगितलं, आधी बघायचं आणि मग बोलायचं.

पाणी नितळ होतं. वास नाही, तवंग नाही. पण ते काठोकाठ भरलेलं होतं. मासा उसळून बाहेर पडू नये म्हणून त्या डोणी नेहमी वीतभर रिती ठेवत. म्हणजे कोणीतरी पाणी ओतलं होतं. काल शाळेतून यायला उशीर झाला, अंधार पडला होता, त्यांनी न बघताच पोतं टाकलं होतं. त्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक शिवी दिली.

तळाशी गोगलगायी पडलेल्या होत्या. चारही मिटलेल्या आणि मेलेल्या. शेवाळाच्या आडोशाला मात्र डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या, वरखाली करत होत्या. विमलबाई बराच वेळ त्या अळ्यांकडे बघत राहिल्या.

डोणीशेजारच्या मऊ मातीत एक गोल वण उमटला होता, भांड्याच्या बुडाचा. आणि पाण्यावर एक तपकिरी शीर तरंगत होती, दोऱ्याएवढी. त्यांनी ती चिमटीत धरून नाकाशी नेली. तोंडाला पाणी सुटावं असा वास होता.

"काय हाय ते?" भीमराजने विचारलं.

"साक्षीदार," विमलबाई म्हणाल्या आणि ती शीर पदराच्या टोकाला बांधून निघाल्या.

३

पहिला नंबर बाबूलालचा. स्टँडवर त्याचं चहाचं हॉटेल होतं आणि नवाबवर त्याचा जुना डोळा होता. गल्ल्याशेजारी काचेत असा मासा फिरत असला तर गिऱ्हाईक चहा आणखी एक मागवतं, असा त्याचा हिशेब. अक्कांनी त्याला दोनदा हाकलला होता. काल संध्याकाळी तो वस्तीच्या बाजूने येताना लोकांनी बघितला होता.

"बाबूलाल, काल माझ्या अंगणात काय करायलाव होता?"

त्याने बशी पुसता पुसता खाली ठेवली. "खुदा की कसम बाई, निस्तं बघायला आलतो. लई गुमसुम दिसला. एक बिस्कुटाचा तुकडा टाकलो, खाल्ला न्हाई. हात नाही लावलो मी."

"गुमसुम म्हणजे?"

"वर येऊन तोंड वासायलाला. जसं हवाच मिळंना. मी म्हणलो, शादी का घर छोडके आया, नाराज असंल."

"आन् पाणी किती होतं डोणीत?"

"फुल. काठाला लागलेलं. बिस्कुट वाहून खाली पडंल म्हनून मधोमध टाकलो."

म्हणजे बाबूलाल यायच्या आधीच कोणीतरी येऊन गेलं होतं, दिवसाउजेडी, त्या शाळेत आणि भीमराज शेतात असताना. बाबूलालने गल्ल्यामागून डोकं पुढे काढलं. "बाई, एक बात बोलू? तिप्पण्णाच्या गड्यानं परवा तुरीवर औषध मारलंय. पंप तुमच्याच गल्लीच्या टोकाला धुतला. मी बघितलोय."

हेच तर विमलबाईंना ऐकायचं होतं.

४

तुरीवरचं औषध म्हणजे इखच. त्याचे चार थेंब डोणीत टाकायचे, मासा मारायचा, विहिरीवर आळ घ्यायचा आणि रांजण हलवायचा. सगळं कसं चोख जुळत होतं. विमलबाई तरातरा तिप्पण्णाच्या दारी निघाल्या. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवूनही टाकलं, आणि त्यातलं निम्मं शाळेतल्या बाईने बोलावं असं नव्हतं.

वेशीपाशी त्यांचे पाय अडले. डोळ्यांपुढे त्या अळ्या वळवळल्या.

औषधाने मासा मरतो, गोगलगाय मरते आणि किडा तर सगळ्यांच्या आधी मरतो. ते औषध असतंच किड्यांसाठी. डोणीत मासा मेला, गोगलगायी मेल्या, अळ्या मात्र ठणठणीत होत्या. तिप्पण्णाने हे केलेलं नव्हतं.

विमलबाईंना भर रस्त्यात त्याचा आणखीनच राग आला. मेल्याने हेही धड केलं नाही! पण खोट्याने त्यांचं पाणी बदनाम होत होतं. ते धुवायला दुसरं खोटं कसं चालेल?

परतताना शोभाबाई भेटली. शेजारचीच होती, शेण थापत बसली होती.

"काल दिवसा माझ्याकडं कोण आलतं, शोभा?"

"तुझ्याकडं कोन येतंय? कुनीबी न्हाई."

"कोणीच न्हाई? गल्लीतून गेलं असंल कुणी."

"गुरुबाई अक्का गेल्या की. पदराखाली कळशी घिऊन. रोजच जायल्यात. मठाला पानी घालत असतील, लगीन हाय ना घरात."

विमलबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. वस्तीतली ती गल्ली विहिरीपर्यंत जाते आणि तिथेच संपते. पुढे नुसती शेतं.

"शोभा," त्या हळूच म्हणाल्या, "मठ कुठल्या अंगाला हाय गं?"

शोभाबाईने गावाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं आणि तिचा शेणाचा हात तसाच हवेत राहिला.

५

लग्नघराच्या ओसरीवर चुन्याचा वास दाटला होता. बायका चिंचेच्या कोळाने भांडी घासत होत्या. घागरी, कळश्या, परात, सगळं तांबं लालभडक चकाकत होतं. विमलबाई दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घेऊन पायरीशी उभ्या राहिल्या.

अक्का आतून आल्या. डोळे सुजले होते. त्या रडल्या होत्या, आणि खऱ्याच रडल्या होत्या.

"काय पायजे, बाई?"

"पाणी पायजे, अक्का. नवाबला जे द्यायलाव होता, त्यातलंच."

अक्कांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या आत गेल्या, कळशी घेऊन आल्या आणि एक बरणी भरून दिली. दुसरी बरणी विमलबाईंनी आपल्या विहिरीवर भरली. विहिरीतल्या शेवाळातून गोगलगायी वेचल्या, दोन्हीकडे सारख्या सोडल्या आणि बरण्या भीमराजच्या स्वाधीन केल्या.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आता वाट बघायची. आन् मी एकदा पोटभर रडून घेते, म्हंजी चावडीवर रडू येणार न्हाई."

६

चावडी भरली होती. मधोमध म्हातारे बसलिंगप्पा बसले होते. त्यांचा शब्द गावात कोणी मोडत नसे. बायका भिंतीकडे होत्या, त्यांत अक्काही होत्या. तिप्पण्णाने आपलं म्हणणं मांडलं. विहिरीतल्या मासोळ्या जिवंत आहेत असं कोणीतरी मागून बोललं, तर तो म्हणाला, "गावठी मासा काहीबी पचवतो. हैदराबादचा मेला ना?"

विमलबाई उठल्या. दोन्ही बरण्या त्यांनी पंचांपुढे मांडल्या.

"हे माझ्या विहिरीचं पाणी. बघा, गोगलगायी काचंवर चढायल्यात. आन् हे दुसरं. सकाळी सोडल्या, दुपारपतूर मिटल्या, आता तळाला पडल्यात. नवाबच्या डोणीतबी अशाच पडल्या होत्या."

"दुसरं पानी कशाचं?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"चोख पाणी हाय अप्पा, इखाचं न्हाई. तुमच्या-माझ्या घरी पाहुण्याला, देवाला देतात तेच. तांब्याच्या कळशीतलं." त्यांनी पदराची गाठ सोडून ती तपकिरी शीर पंचांच्या पुढ्यात ठेवली. "ही चिंचेची शीर डोणीत तरंगायली होती. तांबं माणसाच्या अंगाला चांगलं. पण माशाला आन् गोगलगाईला तेच इख हाय. त्यात ते चिंचेनं घासलेलं, रातभर भरून ठिवलेलं. तांबं उतरतं पाण्यात. डोळ्याला दिसत न्हाई, जिभेला कळत न्हाई. माश्याच्या कल्ल्याला कळतं. काल तो वर येऊन तोंड वासायला होता, बाबूलालनं बघितलंय."

चावडीत कुजबुज सुरू झाली. तिप्पण्णा तोंड उघडणार एवढ्यात विमलबाई त्याच्याकडे वळल्या.

"तुमच्या गड्यानं पंप धुतला तेबी मला कळलं, तिप्पण्णा. तुम्हीच केलं असतं तर मला लई बरं वाटलं असतं, खरं सांगते. पण औषधानं अळ्या मेल्या असत्या, त्या जिवंत हायत. तुम्ही न्हाई केलं. मी खोटं कामून बोलू? खोटं बोलायची पाळी माझ्यावर आली न्हाई."

"मंग कुनी ओतलं?" बसलिंगप्पा म्हणाले. "कामून?"

"कामून ते मला उमगलंय. माझ्या विहिरीतलं पाणी उपसायचं आन् आपलं चोख पाणी घालायचं, म्हंजी मासा बाटू नये. कुनी, ते मी सांगणार न्हाई. ज्यानं ओतलं त्याला जीभ हाय."

भिंतीकडून पदर सावरल्याचा आवाज आला.

"मीच ओतले," गुरुबाई अक्का म्हणाल्या.

"अव्वा, खाली बस!" तिप्पण्णा आईवर खेकसला.

"तू गप रे! सकाळी मी गप बसले, तेवढंच लई झालं." अक्का चार पावलं पुढे आल्या. आवाज फुटत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "मालकांचा मासा हो तो. तिथं ठिवले, पर मनातून जाईना, ह्या पान्यात कसा ऱ्हाईल म्हनून. रोज थोडं उपसायचे आन् कळशी रिती करायचे, काल तर न उपसताच ओतले. बसवण्णाच्या घरात शिवाशिव न्हाई, हे जलमभर सांगत आले मी. तोंडानं एक म्हणले आन् कळशीनं दुसरंच केले. बाईचं पानी चांगलं होतं. माझ्या मनानं मारलं नवाबला."

बसलिंगप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. "रांजण जागचा हालायचा न्हाई," ते शेवटी म्हणाले. "बाईंची बदलीबी न्हाई. तिप्पण्णा, ऐकलास?"

तिप्पण्णाने मान खाली घातली होती.

अक्का विमलबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुमच्या घरचं पानी आना. समद्यासमोर पिते मी."

सगळ्यांना हायसं वाटलं. भीमराज तर उठलाही तांब्या आणायला. विमलबाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"न्हाई, अक्का."

भीमराज तसाच अर्धवट उभा राहिला.

"माझं पाणी शिक्षा न्हाई, ते भोगायला पिऊ नका. परायश्चित्तबी न्हाई. ते नुसतं पाणी हाय. तहान लागंल तवा या."

त्यांनी जिवंत गोगलगायींची बरणी उचलली आणि घरी निघाल्या. दुसरी पंचांपुढे तशीच राहू दिली.

७

लग्न झालं, मांडव उतरला, तुरी निघाल्या. ऊन तापायला लागलं. अक्का वस्तीकडे फिरकल्या नाहीत आणि विमलबाईंनीही बोलावणं धाडलं नाही. शाळेतला रांजण रोज भरत होता.

फाल्गुनातल्या एका दुपारी विमलबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. गल्लीच्या टोकाशी अक्का दिसल्या. उन्हातून चालून चेहरा लाल झाला होता. दोन्ही हातांनी त्यांनी मातीचं रुंद तोंडाचं मडकं पोटाशी धरलं होतं, वर ओलं फडकं होतं. त्या आल्या आणि न विचारता ओट्यावर टेकल्या.

"हैदराबादहून भाच्यानं आणला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "घरी त्या काचपेटीत बघवंना मला. अर्धं पानी, अर्धी हवा. काल काही खाऊ घातले न्हाई."

विमलबाईंनी फडकं जरा उचलून बघितलं. आत तांबूस काहीतरी हाललं. त्यांनी मडकं डोणीतल्या पाण्यात अलगद बसवलं आणि परत येऊन सूप मांडीवर घेतलं.

अक्कांनी पदराने मानेवरचा घाम पुसला.

"विमल," अक्का म्हणाल्या, "तहान लागलीया."

विमलबाईंनी सुपातून मान वर केली नाही. नुसतं हनुवटीने दाखवलं. "रांजण आत हाय, अक्का. भांडं वर पालथं घातलंय."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. रांजणात भांडं बुडाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा आला.